हृदयातले यंत्र आणि थकलेली मूत्रपिंडे : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात हार्ट फेल्युअरविषयी, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची ताकद घटण्याविषयी, लिहिले होते. त्यानंतर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेली बरीचशी पत्रे एकाच पेचाभोवती फिरत आहेत. हृदय अशक्त झाले आहे, डॉक्टर छातीत यंत्र बसवायला सांगत आहेत, पण मूत्रपिंडांचे कामही मंदावलेले आहे. अशा वेळी घरच्यांनी काय करावे? त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तर देत आहे. पत्रलेखकांची नावे वगळून केवळ गावे ठेवली आहेत. रुग्णाला प्रत्यक्ष न तपासता अखेरचा निर्णय देता येत नाही, तो आपल्या डॉक्टरांचाच राहील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचे ते मात्र या उत्तरांतून कळावे.

प्रश्न : माझे वडील ६२ वर्षांचे आहेत. आमची द्राक्षबाग आहे आणि ते अजून रोज बागेत जातात. दोन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला व अँजिओप्लास्टी झाली. आता इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते तो आकडा, २८ आले आहे आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडे मंदावली की रक्तात वाढणारा घटक) २.१ आहे. हृदयरोगतज्ज्ञ म्हणतात, शॉक देणारे यंत्र लवकर बसवा. किडनीचे डॉक्टर म्हणतात, घाई करू नका. आम्ही कोणाचे ऐकायचे? (तासगाव)

उत्तर : दोघेही बरोबर आहेत, आणि हे मी आपली समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. ते दोन वेगळ्या धोक्यांकडे पाहत आहेत. झटक्यानंतर हृदयाच्या स्नायूत जो व्रण राहतो, त्याच्याभोवती विजेच्या लहरी भरकटून ठोक्यांची नुसती थरथर सुरू होऊ शकते आणि मग माणूस काही मिनिटांत जातो. ईएफ ३५ च्या खाली गेले की हा धोका वाढतो, आणि हृदयरोगतज्ज्ञांना तो समोर दिसतो आहे. मूत्रपिंडे मंदावलेल्या माणसाला जंतुसंसर्ग, पोटॅशियमची चढउतार, पाणी साचणे आणि रक्तस्राव असे इतर धोकेही तितकेच असतात, आणि त्यांपैकी एकावरही हे यंत्र चालत नाही, हे किडनीच्या डॉक्टरांना दिसते आहे.

आयसीडी नावाचे हे यंत्र जन्माला आले तेच अकस्मात मृत्यू अडवण्यासाठी. मिशेल मिरोव्स्की या डॉक्टरांनी आपल्या वरिष्ठांचा असा मृत्यू पाहिला आणि ते यंत्र घडवण्याचा ध्यास घेतला. फेब्रुवारी १९८० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ते पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवले गेले. ते ठोक्यांवर अहोरात्र पहारा देते आणि घातक गती दिसताच ती मोडून काढते. धाप कमी करणे, पायाची सूज उतरवणे किंवा हृदयाची ताकद वाढवणे हे त्याचे काम नाही. आपण बागायतदार आहात म्हणून सांगतो : बागेला राखणदार ठेवला तर तो चोर अडवील, पण डाऊनी आणि भुरी हे रोग त्याला अडवता येणार नाहीत. बागेला खरा धोका चोराचा किती आणि रोगाचा किती, यावर राखणदार ठेवायचा की नाही हे ठरते.

या यंत्राच्या बाजूचा पुरावा भक्कम आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅडिट-२ या चाचणीत झटका येऊन गेलेले आणि ईएफ ३० किंवा त्याहून कमी असलेले १,२३२ रुग्ण होते. सरासरी २० महिन्यांत यंत्र नसलेल्यांपैकी १९.८ टक्के दगावले, तर यंत्र असलेल्यांपैकी १४.२ टक्के. २००५ च्या स्कड-हेफ्ट चाचणीत २,५२१ रुग्ण होते आणि यंत्रामुळे मृत्यूचा धोका २३ टक्क्यांनी घटला. मात्र ज्यांची मूत्रपिंडे फारच बिघडलेली होती, असे लोक या चाचण्यांत फारसे घेतलेच गेले नव्हते. पुढे २०१४ मध्ये मॅडिटच्या दोन आणि स्कड-हेफ्ट अशा तीन चाचण्यांतील माहिती एकत्र करून मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेनुसार तपासली गेली, तेव्हा क्षमता ६० च्या वर असलेल्यांना फायदा स्पष्ट दिसला आणि ६० च्या खाली तो दिसला नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत हार्ट फेल्युअर आणि मूत्रपिंडविकार दोन्ही असलेल्या ५,८७७ रुग्णांची तुलना केली होती. तेथे यंत्र असलेल्यांचे मृत्यू कमी झालेले आढळले नाहीत, आणि त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण मात्र अधिक होते. यंत्र कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेली ही चाचणी नव्हती, त्यामुळे तिच्यावरून यंत्र निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. तरीही 'ईएफ कमी आहे, म्हणजे यंत्र बसवायचेच' हा सरळ हिशेब मूत्रपिंडे बिघडल्यावर चालत नाही, एवढे तिच्यावरून नक्की समजते.

आता आपल्या वडिलांकडे वळतो. ६२ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन २.१ असेल, तर मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, जिला अहवालात ईजीएफआर म्हणतात, ती साधारण ३५ येते. क्रिएटिनिनच्या नुसत्या आकड्यावर विसंबू नका, ईजीएफआर विचारा आणि गेल्या दोन वर्षांचे सगळे आकडे तारखेनुसार एका कागदावर उतरवून काढा. माझ्याकडे येणारे पुष्कळजण प्लास्टिकच्या पिशवीत घड्या पडलेले वीस-पंचवीस अहवाल घेऊन येतात, पण आकडा स्थिर आहे की घसरतो आहे, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही. आणि निर्णय नेमका त्यावर फिरतो. दोन वर्षे ३५ च्या आसपास टिकून असलेला, बागेत हिंडणारा माणूस वेगळा, आणि वर्षभरात ५० वरून ३५ वर आलेला, डायलिसिसच्या दिशेने निघालेला माणूस वेगळा. पहिल्याच्या बाबतीत माझा कल यंत्राकडे राहील. दुसऱ्याच्या बाबतीत मी थांबेन आणि आधी मूत्रपिंडांचे पाहीन.

त्याआधी एक गोष्ट तपासून घ्यावी. हृदय सावरणारी चार प्रकारची औषधे वडिलांना पुरेशा मात्रेत निदान तीन महिने मिळाली आहेत का? बीटा ब्लॉकर, सॅक्युबिट्रिल-वलसार्टन किंवा रामिप्रिलच्या गटातील गोळी, स्पायरोनोलॅक्टोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन, असे हे चार गट आहेत. क्रिएटिनिन थोडे वाढले की यांतील गोळ्या घाबरून बंद केल्या जातात, असे मी वारंवार पाहतो आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. रामिप्रिलसारखी गोळी सुरू केल्यावर क्रिएटिनिन सुमारे ३० टक्क्यांपर्यंत वाढणे बहुधा सोसण्यासारखे असते. पोटॅशियमवर नजर ठेवून औषध चालू ठेवता येते. तीन महिन्यांनी पुन्हा इको करावा. ईएफ ३५ च्या वर सरकले, तर यंत्राची गरजच उरत नाही.

वडील कधी अकस्मात बेशुद्ध पडले असतील, किंवा ईसीजी वा होल्टरच्या (दिवसभर ठोके नोंदवणाऱ्या) तपासणीत घातक ठोके पकडले गेले असतील, तर मात्र वरचा बराचसा हिशेब बाजूला ठेवावा लागतो. घातक ठोक्यांतून एकदा वाचलेल्या माणसाच्या बाबतीत मूत्रपिंडे अधू असली तरी यंत्राचे पारडे सहसा जड राहते. आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलण्याची विनंती जरूर करा. सांगली-मिरजेत दोन्ही शाखांचे तज्ज्ञ काही किलोमीटरच्या अंतरात असताना रुग्णाच्या मुलाने दोघांचे निरोप पोचवत हिंडावे, हे बरे नाही.

प्रश्न : आमच्या आई ५८ वर्षांच्या आहेत. त्यांच्या रक्तवाहिन्यांत अडथळा नाही, पण हृदय मोठे झाले आहे, ईएफ २५ आहे आणि ईसीजीमध्ये डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक आहे. त्यांना तीन तारांचे यंत्र सुचवले आहे. क्रिएटिनिन १.६ आहे. यंत्र बसवताना रंगद्रव्य वापरतात, त्याने किडनी जाईल अशी भीती नातेवाइकांनी घातली आहे. (कराड)

उत्तर : आपल्या आईंना सुचवलेले यंत्र वरच्या पत्रातल्या यंत्रापेक्षा वेगळे आहे, आणि हा फरक नातेवाइकांनाही समजावून सांगावा. याला सीआरटी म्हणतात. डाव्या बंडल ब्लॉकमध्ये हृदयाची एक भिंत आधी आणि समोरची भिंत नंतर आकुंचन पावते; उखळात दोघी जणी कांडायला बसाव्यात आणि मुसळांचा ताल चुकावा, तसे होते. तिसरी तार हृदयाच्या मागच्या शिरेतून डाव्या कप्प्यावर नेऊन हा ताल जुळवला जातो. हे यंत्र हृदयाचे काम प्रत्यक्ष सुधारते. २००५ च्या केअर-एचएफ या चाचणीत ८१३ रुग्ण होते. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ३० टक्के दगावले, सीआरटी मिळालेल्यांपैकी २० टक्के, आणि त्या यंत्रात शॉक देण्याची सोय नव्हती.

मूत्रपिंडांच्या दृष्टीनेही हा फरक मोलाचा आहे. अशक्त हृदयामुळे मूत्रपिंडांकडे रक्त कमी पोचते आणि शिरांतले रक्त मागे तुंबते. मूत्रपिंडांचे काम मंदावण्यात या दोन्हींचा वाटा असतो. ताल जुळून हृदय सुधारले, तर काही रुग्णांचे ईजीएफआर थोडे वर येते. आईंचे ईजीएफआर साधारण ३७ असेल. ईसीजीमधील क्यूआरएस या टोकदार लहरीची रुंदी १५० मिलिसेकंद किंवा अधिक असेल, तर लाभाची शक्यता चांगली असते, आणि डाव्या बंडल ब्लॉकमध्ये स्त्रियांना हा लाभ पुरुषांपेक्षा जास्त होतो असे दिसून आले आहे. तेव्हा ती रुंदी किती आहे, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. मूत्रपिंडे अधू आहेत एवढ्याच कारणाने हे यंत्र नाकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रंगद्रव्याची भीती अगदीच निराधार नाही. मागची शीर दिसावी म्हणून ते लागते, परंतु अनुभवी हातांना थोडे आणि पातळ केलेले पुरते. आधीच्या आणि नंतरच्या दोन-तीन दिवसांत वेदनाशामक गोळी घेऊ नये. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असल्यास ती कधी थांबवायची हे विचारावे. शरीर कोरडे पडलेले नसावे आणि पाणी साचलेलेही नसावे, अशा दिवशी यंत्र बसवावे. आणि दोन ते तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावे. अलीकडेच अँजिओग्राफी झाली असेल, तर त्यातून मूत्रपिंडे सावरेपर्यंत थांबण्यास डॉक्टर हरकत घेणार नाहीत.

आपल्यापुढे आणखी एक निवडीचा प्रश्न येईल : नुसता सीआरटी घ्यावा की शॉकची सोय असलेला? रक्तवाहिन्यांत अडथळा नसलेल्या १,११६ रुग्णांवर डेन्मार्कमध्ये झालेल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शॉकच्या यंत्राने एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. वयाने लहान असलेल्यांना मात्र फायदा दिसला. आई ५८ वर्षांच्या आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलता येईल. शॉकच्या यंत्राची किंमत जास्त असते आणि त्याची बॅटरीही सहसा लवकर संपते. बॅटरी बदलताना तीच जागा पुन्हा उघडावी लागते आणि मूत्रपिंडविकारात जंतुसंसर्गाचा धोका प्रत्येक खेपेला असतो. हे सगळे ऐकून आईंनी स्वतः काय म्हटले, ते डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : माझे यजमान आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) आहे. हृदय अशक्त आहे म्हणून आयसीडीचा विषय निघाला आहे. यंत्र डाव्या खांद्याखाली बसवतात असे कळले. चालेल का? (मिरज)

उत्तर : ज्या हाताला फिस्टुला आहे, त्या बाजूला यंत्र बसवू नये. आपण हा प्रश्न आधी विचारला हे फार चांगले झाले.

फिस्टुलावर बोट ठेवले, तर मांजर गुरगुरावे तशी थरथर लागते. धमनीतले रक्त जोराने शिरेत शिरून खांद्याकडे धावत असते, त्याची ती थरथर. यंत्राची तार याच वाटेवर, गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेतून, हृदयात उतरते. वर्षानुवर्षे शिरेच्या भिंतीला घासून ती शीर अरुंद करते. एरवी हे कळतही नाही, पण फिस्टुलाचे जोराचे रक्त त्याच अरुंद वाटेत अडले, की हात सुजतो, छातीवर निळ्या शिरा दिसू लागतात, डायलिसिसच्या मशीनवर परतीचा दाब वाढू लागतो आणि शेवटी चांगला चालणारा फिस्टुला हातचा जातो. अडचण अशी की बहुतेकांचा उजवा हात कामाचा, म्हणून फिस्टुला डाव्या हाताला करतात. आणि यंत्रही सवयीने डाव्याच बाजूला बसवले जाते. माझ्या पाहण्यातल्या एका रुग्णाचा डावा हात यंत्रानंतर सहा महिन्यांत इतका सुजला, की सदऱ्याची बाही उसवून घालावी लागे. त्यांचे हृदय पाहणाऱ्यांनी हात पाहिला नव्हता. तासगावच्या वाचकांनीही हे लक्षात ठेवावे : पुढे डायलिसिसची वेळ येण्याची शक्यता असेल, तर यंत्राची बाजू ठरवताना फिस्टुलासाठी हात आजच राखून ठेवावा, आणि त्या हाताच्या शिरांत सलाईनच्या सुया टोचू देऊ नयेत.

तार रक्तवाहिनीत जाणारच नाही असेही एक यंत्र आहे. ते डाव्या बगलेखाली, फासळ्यांवर बसते आणि त्याची तार छातीच्या मधल्या हाडालगत कातडीखालूनच जाते. शिरा मोकळ्या राहतात, आणि डायलिसिसमध्ये रक्तात जंतू शिरलेच तर ते तारेवरून थेट हृदयापर्यंत पोचण्याची भीती कमी होते. गळ्यातल्या कॅथेटरवर, म्हणजे नळीवर, डायलिसिस चालणाऱ्यांसाठी हा मुद्दा तर फारच मोठा आहे, कारण हृदयातल्या तारेला जंतू चिकटले, की औषधाने भागत नाही, सगळे यंत्र काढावे लागते. या यंत्राची उणीव अशी की ठोके मंदावल्यास ते पेसमेकरसारखे हृदय चालवू शकत नाही.

आणि डायलिसिसवरच्या माणसाला मंद ठोक्यांचाच धोका मोठा असतो, हे अलीकडे कळले आहे. अमेरिका आणि भारतातील ६६ डायलिसिस रुग्णांच्या कातडीखाली ठोक्यांची नोंद ठेवणारी छोटी पट्टी बसवून केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक रुग्णांत दखल घेण्याजोगी गडबड सापडली, आणि तीत बहुतेक वेळा ठोके वेगाने धावलेले नव्हते, मंदावलेले किंवा थांबलेले होते. मंदावलेल्या हृदयाला शॉकचा उपयोग नसतो. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील एका चाचणीत डायलिसिसवरच्या, पण ईएफ ३५ किंवा त्याहून चांगले असलेल्या रुग्णांना आयसीडी बसवून पाहिले. अकस्मात मृत्यू कमी होत नाहीत असे दिसल्याने ती चाचणी आधीच थांबवावी लागली. आपल्या यजमानांचे ईएफ ३५ च्या खाली असेल, तर तो निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही, पण सावध राहायला तो पुरेसा आहे.

मला याहून जास्त काळजी आठवड्यातल्या 'दोनदा'ची वाटते. दोन डायलिसिसमध्ये तीन-चार दिवसांचे अंतर पडते आणि त्या अंतराच्या शेवटी पोटॅशियम आणि पाणी दोन्ही चढलेले असतात. दोन डायलिसिसमधल्या मोठ्या अंतरानंतरच अकस्मात मृत्यू वाढतात, हे तिसऱ्या डायलिसिसची सोय असणाऱ्या देशांतही नोंदले गेले आहे. पोटॅशियम फार चढले, की बसवलेला पेसमेकरही कधी कधी हृदयाला ठोका देऊ शकत नाही, आणि ईसीजीचा आकार इतका पसरतो की आयसीडी एकाच ठोक्याला दोन समजून विनाकारण शॉक देऊ शकते. तेव्हा यंत्रावर लाखो रुपये घालण्यापूर्वी आठवड्याला तिसरे डायलिसिस परवडते का, याची आपल्या किडनीच्या डॉक्टरांशी चर्चा करावी. माझ्या मते आजच्या घडीला यजमानांना त्याचाच उपयोग अधिक होईल.

प्रश्न : यंत्राचा खर्च सरकारी योजनेत बसतो का? (जत)

उत्तर : महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र यंत्रांचे प्रकार पुष्कळ असतात आणि सगळे सारख्या किमतीचे नसतात, म्हणून नेमके कोणते यंत्र कोणत्या पॅकेजमध्ये आणि कोणत्या रुग्णालयात मिळेल, हे दाखल होण्यापूर्वी त्या रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राकडून लेखी घ्यावे. त्याच वेळी पुढच्या बॅटरीचेही विचारावे. आयसीडीची बॅटरी साधारण सात ते दहा वर्षे चालते, सीआरटीची बहुधा त्याहून कमी, आणि बदलण्याचा खर्च पहिल्या खर्चापेक्षा फार कमी नसतो.

प्रश्न : रानडुकरांसाठी शेताला झटका मशीन लावले आहे. चुलत्यांना आयसीडी बसवली आहे. त्यांनी शेतात जावे का? (पाटण)

उत्तर : शेतात जायला हरकत नाही, पण त्या मशीनच्या तारेला स्पर्श होता कामा नये; तारेतल्या विजेचे झटके यंत्राला घातक ठोक्यांसारखे भासू शकतात आणि ते शॉक देऊ शकते. चुलते शेतात असताना मशीन बंद ठेवण्याची शिस्तच लावावी. मोटार, स्टार्टर आणि कडबाकुट्टी यांचे अर्थिंग तपासून घ्यावे, आणि वेल्डिंगचे काम त्यांनी करू नये. मोबाइल यंत्रापासून १५ सेंटिमीटर लांब, म्हणजे डाव्या बाजूच्या वरच्या खिशात नको. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवावे. एक शॉक बसून गेला आणि त्यानंतर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ दोन शॉक बसले, किंवा एकाच शॉकनंतर छातीत दुखले, धाप लागली वा भोवळ आली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रश्न : यंत्र बसल्यावर वडिलांच्या गोळ्या कमी होतील का? ते पथ्यही आता सैल करायला निघाले आहेत. मिठाऐवजी कमी सोडियमचे मीठ आणले आहे. क्रिएटिनिन १.९ आहे. (सांगली)

उत्तर : ते मीठ आजच बाजूला काढा. कमी सोडियमच्या मिठात सोडियम घटवून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. मूत्रपिंडे मंदावलेली आणि सोबत स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू, अशा माणसाला ते घातक ठरू शकते. सैंधव घ्यावे तर तेही मीठच आहे. साधेच मीठ वापरावे, पण दिवसभराचे सगळे मिळून एका लहान चमच्याच्या, म्हणजे पाच ग्रॅमच्या, आत बसवावे; लोणचे, पापड, खर्डा आणि आपल्याकडचे भडंग यांतले मीठ त्याच चमच्यातून वजा होते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट सांगावी लागते. आजारी माणसाला भेटायला येणारा मूठभर बेदाणे नाही तर शहाळे घेऊन येतो. दोन्हींत पोटॅशियम भरपूर असते. उसाचा रस, केळी, सुके खोबरे यांचेही तेच. पोटॅशियमचा अहवाल ५.५ च्या वर असेल, तर हे पदार्थ पूर्ण बंद करावेत आणि बटाटा किंवा टोमॅटो चिरून भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी टाकून द्यावे. अहवाल ठीक असेल, तर किती चालेल ते आहारतज्ज्ञांना विचारावे. सरसकट सगळे बंद करून माणसाला खंगवू नये.

गोळ्या कमी होणार नाहीत. यंत्र ठोके सांभाळते, हृदय सावरण्याचे काम गोळ्याच करतात. जुलाब किंवा उलट्या होऊन शरीर कोरडे पडले, तर मात्र त्यांतल्या काही गोळ्या तेवढ्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या, हे आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन मात्र अजिबात देऊ नका; औषधाच्या दुकानातून सहज मिळणाऱ्या या गोळ्यांनी एका आठवड्यात पायावर सूज आणि क्रिएटिनिनमध्ये वाढ झालेली मी पाहिली आहे. रोज सकाळी लघवीनंतर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहावे, आणि तीन दिवसांत दोन किलो वाढले तर डॉक्टरांना फोन करावा. एका घरात हे काम सातवीतल्या नातीकडे दिले होते. तारखेसमोर वजन, त्यापुढे आजोबांनी त्या दिवशी चोरून खाल्लेले पदार्थ, अशी ती वही होती, आणि कोणत्याही अहवालापेक्षा मला तिचा उपयोग अधिक झाला.

प्रश्न : आजोबा ८१ वर्षांचे आहेत. सहा वर्षांपूर्वी आयसीडी बसवली. आता मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली आहेत, त्यांनी डायलिसिस नको म्हणून सांगितले आहे आणि ते अंथरुणाला खिळलेले आहेत. गेल्या आठवड्यात यंत्राने चार वेळा शॉक दिला. प्रत्येक वेळी ते ओरडतात आणि मग रडतात. यंत्र बंद करता येते का? आजीला वाटते की तसे केले तर आपण त्यांना मारल्याचे पाप लागेल. (सातारा)

उत्तर : बंद करता येते, आणि आजोबांची तशी इच्छा असेल तर करावे, असे मला वाटते.

त्यासाठी कापावे लागत नाही. यंत्र तपासण्यासाठी जो संगणक वापरतात, त्याचे टोक कातडीवर टेकवून शॉकची सोय काही मिनिटांत बंद करतात. वेदना होत नाही. मंद ठोक्यांना आधार देणारा भाग तसाच चालू ठेवता येतो. शॉक बंद केल्याने माणूस त्या क्षणी जात नाही. पुढे कधी तो अखेरचा बिघाड आला, तर यंत्र मध्ये पडत नाही, इतकेच. रुग्णालयात नेणे अशक्य असेल, तर यंत्र बसवणाऱ्या डॉक्टरांना फोन करून तंत्रज्ञ घरी येऊ शकेल का ते विचारा. तोपर्यंत त्यांच्या सल्ल्याने यंत्रावर खास चुंबक ठेवून चिकटपट्टीने बसवल्यास, तो तेथे आहे तोवर बहुतेक यंत्रांत शॉक थांबतो. चार शॉक कशामुळे बसले, पोटॅशियम चढले होते का, तार बिघडली आहे का, हेही त्यांनी एकदा पाहावे, कारण त्यांतले काही औषधाने टळण्यासारखे असू शकते.

आजींना माझा नमस्कार सांगा आणि असे सांगा : सहा वर्षांपूर्वी हे यंत्र बसवले, तेव्हा आजोबांना आणखी जगायचे होते, आणि त्याने त्यांना साथ दिली. आज त्यांचा देह मूत्रपिंडांच्या विकाराने थकून निघाला आहे आणि हा विकार थोपवणे यंत्राच्या हातात नाही. त्याचा शॉक आता त्यांना वाचवत नाही, फक्त दुखावतो. तो थांबवणे ही सेवाच आहे. आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे. आजोबा शुद्धीवर आहेत तोवर त्यांना शांतपणे विचारा, त्यांचे म्हणणे डॉक्टरांसमोर होऊ द्या आणि डॉक्टरांना ते केसपेपरवर लिहून सही करायला सांगा. घरातल्या सगळ्यांना त्या वेळी बोलावून घ्या, म्हणजे मागाहून कोणी आजींना बोल लावणार नाही.

एक गोष्ट लिहिताना जड वाटते, पण ती वेळेवर माहीत असावी. अग्निसंस्कारापूर्वी यंत्र काढावे लागते, कारण उष्णतेने त्याची बॅटरी फुटते आणि चितेजवळच्या माणसांना इजा होऊ शकते. लहानसा छेद घेऊन डॉक्टर ते काढतात आणि जागा शिवून देतात. शॉकची सोय आधी बंद केलेली असेल, तर काढणाऱ्यालाही धोका राहत नाही. कोणत्या डॉक्टरांना बोलवायचे, ते आत्ताच ठरवून त्यांचा नंबर यंत्राच्या कार्डाच्या मागे लिहून ठेवा, आणि ते कार्ड घरात कोठे आहे हे आजींखेरीज आणखी एकाला दाखवून ठेवा.